एका चाकावर दोनशे किलोमीटर

मांजरसुंब्याची चौफुली बीड जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? एक रस्ता घाट उतरून बीडला जातो. एक सोलापूरकडे जातो. एक पाटोद्याकडे आणि एक केजकडे. दिवसरात्र वर्दळ असते. मालमोटारी धावतात, एस.टी. थांबते, उसाचे ट्रॅक्टर डुलत डुलत जातात. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास मन्मथस्वामींच्या समाधीला, कपिलधारला पायी जाणारी माणसे दिसतात.

आता अशी कल्पना करा. या चौफुलीवर एक माणूस सायकलवर बसून आला. पण सायकलला चाक एकच! हॅन्डल नाही, चेन नाही, मागचे चाक नाही. एक मोठे चाक, त्यावर उभा दांडा आणि दांड्यावर सीट. बस्स. लोक काय म्हणतील? "सर्कस आली का काय गावात?" असेच म्हणतील. आणि तो माणूस म्हणाला, "सर्कस नाही हो. मी बीडहून आलो, दोनशे किलोमीटर जायचंय," तर आजोबा कपाळाला हात लावतील. "अरे लेकरा, चांगली दोन चाकांची सायकल मिळंना का तुला?"

आजोबांचा प्रश्न योग्य आहे. पण अशी माणसे जगात खरोखर आहेत. एक चाक काय करू शकते आणि काय करू शकत नाही, ते समजून घेण्यासारखे आहे.

आधी दोनशे किलोमीटरची गोष्ट सांगतो. लांब पल्ल्याच्या सायकलफेरीचा एक प्रकार आहे. त्याला 'ब्रेव्हे' म्हणतात. हा फ्रान्स देशातला शब्द. पॅरिस शहरातली एक सायकल-मंडळी १९०४ सालापासून चालू आहे. या फेऱ्यांचे नियम ती ठरवते. आपल्या देशातही, महाराष्ट्रातही अशा फेऱ्या होतात. ही शर्यत नव्हे, बरं का! पहिला कोण, दुसरा कोण, हे इथे पाहत नाहीत. ठरलेल्या वेळेत पोहोचला तो पास. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. तीनशेला वीस तास, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. दोनशे किलोमीटर म्हणजे आपले साठ-बासष्ट कोस.

लांब पल्ल्यात आपली माणसे मागे नाहीत. अमेरिकेत एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल-शर्यत असते. नाशिकचे डॉक्टर हितेंद्र आणि डॉक्टर महेंद्र महाजन या दोघा भावांनी २०१५ साली ती जोडीने पुरी केली. एक दमला की दुसरा चालवी. नऊ दिवसांच्या आत ते पोहोचले. पुढे २०१७ साली लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी तीच वाट प्रत्येकी एकट्याने, बारा दिवसांच्या आत काढली. अर्थात या सर्वांची सायकल दोन चाकांची होती.

मग ब्रेव्हेत एक चाक चालते का? चालते. नियम एवढाच की वाहन माणसाच्या अंगच्या बळावर चालले पाहिजे आणि एक मीटरपेक्षा रुंद नको. चाके किती असावीत, याला बंधन नाही. मात्र एक चाक आहे म्हणून वेळेची सवलतही नाही. साडेतेरा तास म्हणजे साडेतेरा तास.

आता हिशेब करू. गावचा लोहार बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवतो. धाव किती लांब लागेल? चाकाच्या उंचीच्या तिप्पट आणि वर थोडी. लांब पल्ल्याच्या एकचाकी सायकलचे चाक छत्तीस इंच उंच असते. म्हणजे त्याचा घेर भरला २ मीटर ८७ सेंटिमीटर. पायडल थेट या चाकाच्या आसालाच जोडलेले असते. पाय एकदा फिरला की चाक एकदा फिरते. म्हणून पायाच्या एका फेऱ्यात माणूस २ मीटर ८७ सेंटिमीटर पुढे जातो, जास्त नाही.

आपली नेहमीची काळी सायकल घ्या. पुढच्या दातेरी चाकाला ४४ दाते आणि मागच्याला १८ असले, तर पायाच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. म्हणजे चेनची करामत मोठी आहे. आपण रोज वापरतो म्हणून तिचे नवल वाटत नाही, इतकेच.

तेव्हा दोनशे किलोमीटरला एकचाकीवाल्याच्या पायांचे फेरे होतात जवळजवळ सत्तर हजार. दोनचाकीवाल्याचे त्याच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय दोनचाकीला फ्रीव्हील असते. उतार लागला की पाय थांबवायचे, सायकल आपोआप पळते. एकचाकीला ते सुख नाही. चाक फिरते तोवर पाय फिरलाच पाहिजे. खाण्यापिण्यात आणि थांबण्यात दीड तास गेला असे धरा. उरले बारा तास. बारा तासांत दोनशे किलोमीटर काढायचे, तर मिनिटाला ९७ फेरे पडतात. घड्याळ समोर ठेवून एक मिनिट हात तसा फिरवून पाहा. मग बारा तासांचा विचार करा.

पण पायांच्या आधी तोल. तोल कसा राहतो? लहानपणी तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ तुम्ही खेळला असाल. काठी पुढे कलली की हात पुढे न्यायचा, मागे कलली की मागे. काठीच्या खाली हात असला म्हणजे काठी पडत नाही. एकचाकीचेही तसेच. स्वार म्हणजे काठी, आणि चाक म्हणजे तळहात. स्वार पुढे कलला की पाय जोराने मारून चाक त्याच्या खाली आणायचे. मागे कलला की पाय आवरायचा. डावीउजवीकडे कलला तर कंबर वळवून चाकाचे तोंड तिकडे करायचे. सारे काम पाय आणि कंबर करतात. रोज तासभर नेटाने सराव केला तर साधारण दोन-तीन आठवड्यांत माणूस थोडे अंतर जाऊ लागतो. दोनशे किलोमीटरसाठी पुढे पुष्कळ महिने घालवावे लागतात.

हात मोकळे असतात, ही एक गंमत आहे. चालत्या गाडीवर केळ सोलून खाता येते, गूळ-शेंगदाणे खाता येतात, पाणी पिता येते. पण हात मोकळे असण्याचे दुःखही मोठे. दोनचाकीवर आपण हॅन्डलवर टेकतो, थोडा भार हातांवर जातो. इथे जवळजवळ सारा भार सीटवर. दोन-तीन तासांत मांड्यांना मुंग्या येतात, कातडी सोलते. पुष्कळदा पाय दमण्याआधी बैठकच हार खाते. म्हणून लांब जाणारे लोक सीटच्या पुढे एक छोटी मूठ बसवतात. तिच्यावर हात टेकून जरा उचलून बसता येते.

आता समजा, आपला स्वार हिवाळ्यात सकाळी सहाला बीडहून निघाला. पहिलाच प्रसंग मांजरसुंब्याचा घाट. लोकांना वाटेल, घाट चढताना याची फजिती होणार. खरे म्हणजे चढाला एकचाकी वाटते तितकी वाईट नाही. पायाच्या एका फेऱ्यात अंतर थोडे कापायचे असते, त्यामुळे जोरही त्या मानाने कमी लागतो. अडचण वेगळी आहे. एक पायडल अगदी वर आणि दुसरे अगदी खाली आले की त्या क्षणी पायाचा जोर लागत नाही. वेगात हा क्षण कळत नाही. चढावर वेग मंदावतो आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा चाक थांबू पाहते. थांबले की तोल गेला. मग खाली उतरून चार पावले चालायचे आणि पुन्हा चढायचे. छत्तीस इंची चाकावर चढायला उडी घ्यावी लागते. चढावर तर ती दोनतीनदा चुकते. चालत गेले तरी हरकत नाही, पण घड्याळ चालूच राहते.

घाट संपला, मांजरसुंब्याची चौफुली आली. पुढे चौसाळ्याकडून सोलापूरचा मोठा रस्ता. इथे भीती मालमोटारींची. भरलेली मालमोटार जवळून भरधाव गेली की वाऱ्याचा लोट आधी बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. दोनचाकीवाला हॅन्डल घट्ट धरतो. एकचाकीवाला काय धरणार? मोटार मागून येते आहे हे कानाने ओळखून, आधीच रस्त्याच्या कडेला सरून, अंग थोडे वाऱ्याकडे झुकवून ठेवावे लागते. मला विचाराल तर मालमोटारींच्या रस्त्यावर हा प्रकार पक्क्या सरावाच्या माणसानेच करावा. पोरांनी गावाच्या मैदानात शिकावे.

पंक्चरचेही पाहा. आपल्या सायकलची ट्यूब कोणत्याही बाजारगावी मिळते. छत्तीस इंची चाकाची ट्यूब कुठल्या दुकानात मागणार? ती पाठीवरच्या पिशवीत बरोबर बाळगावी लागते.

वाटेत ठरलेल्या ठिकाणी तपासणी असते. प्रत्येक स्वाराजवळ एक कार्ड असते. त्यावर ठिकाण, अंतर आणि ते ठिकाण कोणत्या वेळेला बंद होते हे छापलेले असते. पोहोचल्याची वेळ त्यावर लिहून सहीशिक्का घ्यायचा. सहाला निघालेल्याची शंभर किलोमीटरवरची तपासणी १२ वाजून ४० मिनिटांनी बंद होते. आपला स्वार सव्वाबाराला पोहोचला, तर त्याच्या हाताशी पंचवीस मिनिटे उरली. तेवढ्यात भाकरी खायची, पाणी भरायचे, मीठ-साखर घ्यायची आणि निघायचे. दोनचाकीवाला इथे झाडाखाली तासभर लवंडला तरी चालेल.

परतीची वाट मात्र खरी कठीण. ऊन डोक्यावर, पाय जड. आणि सर्वांत शेवटी, बीड वीसेक किलोमीटर उरले असता, तोच घाट पुन्हा. पण आता उतार! दोनचाकीवाल्याला बक्षीस मिळाल्यासारखे वाटते. तो बसून राहतो, ब्रेक धरतो आणि खाली येतो. एकचाकीवाल्याला मात्र उतारच जड जातो. चाक पळू पाहते आणि पायांना आपल्याबरोबर ओढते. पाय त्याच्याहून हळू चालला तर पायडल खालून पाय उडवते. उतारावर बैल गाडी कसे रेटून धरतात? तसे मांड्यांनी चाक रेटून धरावे लागते. बऱ्याच एकचाकींना सीटखाली ब्रेकची खिटी असते. ती हळूच, थोडी थोडी दाबायची. एकदम दाबली तर चाक थांबते आणि माणूस पुढे जातो.

पडला तर बहुधा पुढच्या बाजूला, पायांवरच पडतो. समोर हॅन्डल नसल्याने अडकायला काही नाही. पण वेग जास्त असेल तर चार-सहा ढांगा पळूनच तोल सावरतो. अंधारात, घाटात, एकशे ऐंशी किलोमीटर झालेल्या पायांनी पळायचे, हे सोपे नाही. म्हणून शहाणा स्वार तिथे वेळ राखून येतो आणि वळणावर सरळ उतरून चालतो. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पुढे एक आणि मागे एक दिवा आणि अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट, असा रात्रीचा नियम आहे.

हे सारे माणसाला जमते का? सपाट जागेवर तरी याहून पुष्कळ जास्त जमले आहे. २००७ साली इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये सॅम वेकलिंग या तरुणाने एका चाकावर चोवीस तासांत ४५३ किलोमीटरहून अधिक अंतर कापले. तासाला सरासरी जवळजवळ एकोणीस किलोमीटर! पण तिथे ना घाट होता, ना मालमोटारी. २००८ साली कॅनडात एकचाकीवाल्यांचीच ८०० किलोमीटरची शर्यत झाली. त्यात एका संघातले स्वार आळीपाळीने चाक चालवीत. आणि इंग्लंडचा एड प्रॅट हा तरुण २०१५ साली छत्तीस इंची चाकावर सामान बांधून घराबाहेर पडला. तो पृथ्वीला फेरी घालून २०१८ साली घरी परतला. समुद्र अर्थात चाकावर ओलांडता येत नाहीत. पण जमिनीवर त्याने सुमारे ३३,००० किलोमीटर कापले. त्याला साडेतेरा तासांचे बंधन नव्हते. दमला की तो तंबू ठोकून झोपे.

काही एकचाकींच्या चाकात, बैलगाडीला तुंबा असतो त्या जागी, आता गियर बसवतात. टाचेने कळ दाबली की पायाच्या एका फेऱ्यात चाक दीड वेळा फिरते. वेग वाढतो, पण तोलही तितकाच नाजूक होतो. आणि असे चाक फार महाग पडते.

आपला स्वार घाट उतरून बीडला सायंकाळी साडेसातच्या आत पोहोचला, तर त्याच्या कार्डावर शेवटचा शिक्का बसतो. सात वाजून एकतीस मिनिटांनी पोहोचला, तर बसत नाही. निकाल पॅरिसला जातो, तिथे तपासून त्याला क्रमांक देतात आणि तो वहीत नोंदवतात. हा क्रमांक नोंदणीचा. कोण आधी आला आणि कोण नंतर, हे त्यावरून कळत नाही.