शाळेची दुर्बीण : पहिल्या रात्रीपूर्वीची तयारी

एखाद्या शाळेला देणगीतून वा अनुदानातून भिंगाची छोटी दुर्बीण मिळते. गावात वार्ता पसरते, संध्याकाळी पटांगणावर मुले व पालक जमतात, आणि तासभर खटपट करूनही चंद्रसुद्धा धड सापडत नाही. कोणी म्हणते भिंग सदोष आहे, कोणी म्हणते दुकानदाराने फसविले. दुसऱ्या दिवशी दुर्बीण खोक्यात जाते आणि खोके कपाटात. वस्तुतः अशा वेळी भिंगाचा दोष क्वचितच असतो. जी कामे दिवसाउजेडी करावयाची ती अंधारात करू गेल्यामुळे हा प्रसंग ओढवतो.

या दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला मोठे वस्तुभिंग असते. ते दूरच्या वस्तूची लहान प्रतिमा नळीच्या मागील टोकाशी तयार करते आणि नेत्रिका ती प्रतिमा मोठी करून डोळ्याला दाखविते. नवशिक्यांच्या दुर्बिणींत वस्तुभिंगाचा व्यास ७० मिलिमीटर व नाभीय अंतर ७०० मिलिमीटर हे माप पुष्कळदा आढळते. पुढील उदाहरणे त्याच मापाची आहेत. विशालनाचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. वस्तुभिंगाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागावे. २५ मिलिमीटरची नेत्रिका लावल्यास २८ पट, १० मिलिमीटरची लावल्यास ७० पट. खोक्यावर मात्र '५२५ पट' असा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. ४ मिलिमीटरच्या नेत्रिकेला तिप्पट करणारे बार्लो भिंग जोडले की हा आकडा निघतो, हे खरे. परंतु व्यासाच्या दर मिलिमीटरमागे सुमारे दोन पट, म्हणजे येथे १४० पट, ही उपयुक्त विशालनाची मर्यादा होय. त्यापुढे प्रतिमा मोठी होते ती केवळ अंधुक होण्यासाठी. खरेदी समितीच्या सदस्यांनी हा आकडा विचारातच घेऊ नये. भिंगाचा व्यास किती आणि तिवई किती भक्कम, एवढेच पाहावे. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार चंद्र पाहिले ते सुमारे २० पट विशालनाच्या दुर्बिणीतून. आपली २८ पटीची नेत्रिका त्याहून सरसच आहे.

तिवई उभी करताना तिचे पाय पूर्ण लांब करू नयेत. पाय जितके आखूड तितका थरथराट कमी. मधल्या तबकडीखाली दगडांची पिशवी टांगली तर स्थैर्य आणखी वाढते. काही दुर्बिणींची बैठक वरखाली व डावीउजवीकडे फिरणारी साधी असते. शाळेसाठी मी तीच पसंत करीन. दुसऱ्या प्रकारच्या बैठकीचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो आणि त्याचा कल स्थळाच्या अक्षांशाएवढा ठेवावा लागतो: नागपुरास सुमारे २१ अंश, पुण्यास साडेअठरा, कोल्हापुरास पावणेसतरा. हे एकदा साधले की एकच चक्री फिरवून तारा दृष्टिक्षेत्रात राखता येतो. पण साधेपर्यंत नवशिक्याचा धीर सुटतो.

आता मुख्य काम. नळीवर बसविलेली छोटी शोधक दुर्बीण मोठ्या दुर्बिणीशी समांतर असल्यावाचून आकाशातील काहीही सापडत नाही. २८ पटीतसुद्धा दृष्टिक्षेत्र जेमतेम पावणेदोन अंश भरते; ७० पटीत ते सुमारे पाऊण अंशावर येते. एवढ्या फटीतून अंदाजाने गुरू शोधणे म्हणजे अंधाऱ्या खोलीत सुई शोधणे. म्हणून दिवसा, सूर्य पाठीशी ठेवून, किमान एक किलोमीटर दूरची न हलणारी वस्तू निवडावी. पाण्याच्या उंच टाकीचे टोक वा मंदिराचा कळस चालेल. सर्वांत कमी विशालनाची नेत्रिका लावून तो कळस मध्यभागी आणावा, चक्रीने स्पष्ट करावा आणि बैठकीचे स्क्रू आवळावेत. मग शोधकाचे छोटे स्क्रू फिरवून त्यातील फुलीवरही तोच कळस आणावा. हे करताना मोठी दुर्बीण सरकली नाही ना, हे पुन्हा पाहावे. नंतर १० मिलिमीटरची नेत्रिका लावून सारे एकदा पडताळावे. काटकोनी आरसा लावलेल्या दुर्बिणीत प्रतिमा सुलटी, पण डावीउजवी बदललेली दिसते. अनेक शोधकांत ती पूर्ण उलटी असते. नळी कोणीकडे ढकलली असता वस्तू कोणीकडे सरकते, याचा सराव हाताला दिवसाच व्हावा.

दिवसाच्या या कामात एक धोका आहे आणि त्याविषयी कोणतीही सवलत देता येत नाही. दुर्बिणीतून किंवा शोधकातून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये. एकवटलेला प्रकाश नेत्रपटल जाळतो. नेत्रपटलाला वेदना कळत नसल्याने मुलाला इजा होत असल्याचे त्या क्षणी उमगतही नाही, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. नेत्रिकेवर बसवावयाची काळी काच काही संचांत मिळते. ती उष्णतेने तडकू शकते. ती शाळेने सरळ नष्ट करावी. सूर्यनिरीक्षण करावयाचेच असेल तर वस्तुभिंगाच्या पुढे, संपूर्ण तोंड झाकणारा, त्यासाठीच बनविलेला फिल्टर हवा आणि शोधकावर टोपण हवे. उन्हात दुर्बीण क्षणभरही एकटी सोडू नये.

रात्रीची जागा निवडताना सिमेंटची गच्ची टाळावी. दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून गरम हवा वर चढते आणि चंद्राची कडा पाण्यातल्यासारखी हलते. मातीचे पटांगण बरे. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर मांडावी, म्हणजे भिंग व नळी हवेच्या तापमानाला येतात. पटांगणाजवळचा पथदीप तासभर बंद ठेवण्याची व्यवस्था ग्रामपंचायत सदस्यांनी केली, तर ते साह्य एखाद्या जादा नेत्रिकेहून मोलाचे ठरेल. विजेरीवर लाल जिलेटीन कागद बांधावा.

पहिली रात्र अष्टमीच्या आसपासची ठेवावी, पौर्णिमेची नव्हे. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडते व सावल्या उरत नाहीत. शुक्ल अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर विवरांच्या कडा व डोंगरांच्या सावल्या स्पष्ट उठून दिसतात. चंद्राच्या कडेला जांभळट झालर दिसली तर घाबरू नये; साध्या भिंगात सारे रंग एकाच ठिकाणी एकवटत नाहीत, त्याचा तो परिणाम आहे. तारा मात्र कितीही विशालन केले तरी बिंदूच दिसावा. तो थाळीसारखा दिसला तर चक्री अजून नीट फिरवावयाची आहे, असे समजावे. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी पृथ्वीवरून काठाने दिसण्याच्या स्थितीत होती. त्यानंतर ती वर्षागणिक उघडत चालली आहेत. चैत्र-वैशाखात सायंकाळी सप्तर्षी वर आले की वसिष्ठाकडे दुर्बीण रोखावी. विवाहात वधूवरांना दाखविली जाणारी अरुंधती नुसत्या डोळ्यांनी त्याच्याशेजारी दिसते. दुर्बिणीतून खुद्द वसिष्ठही दोन ताऱ्यांचा असल्याचे दिसते. ज्येष्ठ मंडळींना रांगेत उभे करण्यास याहून चांगला तारा मला ठाऊक नाही.

रांगेचा हिशेबही आधी करावा. पृथ्वी दर चार मिनिटांस एक अंश फिरते; ७० पटीत मध्यभागी आणलेला गुरू दीड मिनिटाच्या आत कडेला जातो. चाळीस मुले असतील तर २८ पटीची नेत्रिकाच ठेवावी आणि दर दोन-तीन मुलांमागे शिक्षकाने स्वतः डोळा लावून वस्तू मध्यभागी आणावी. लहानांसाठी स्टूल ठेवावे. नळीला धरून कोणी उभे राहू नये.

काम संपल्यावर भिंगावर दव दिसले तर ते पुसू नये. खोलीत आपोआप सुकू द्यावे आणि मगच टोपण लावावे. धूळ हवेच्या फुगीने उडवावी, रुमालाने नव्हे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, बंद खोक्यातील भिंगावर बुरशी धरते. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, त्या अधूनमधून बदलाव्यात, आणि जून ते सप्टेंबर या काळात उघडीप मिळेल तेव्हा दुर्बीण कोरड्या खोलीत काही तास उघडी ठेवावी.