वादळ वजा करा पाहू!

ऑगस्ट २००७. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या होका नावाच्या गावात चोवीस तासांत ३८३ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या राज्याचा विक्रमच तो! समुद्र तिथून कितीतरी लांब. चक्रीवादळाचा तर जवळपास पत्ताही नाही. पण १६ तारखेला ‘एरिन’ नावाचं एक मरतुकडं वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर चढलं होतं. होकात धो धो चालू असताना ते सुमारे हजार किलोमीटर दूर, दक्षिणेकडे रेंगाळत होतं. इतक्या लांबून त्यानेच तर ही करामत केली नसेल?

आता आभाळाला काही सांगता येत नाही, की ते दोन दिवस परत दाखव, फक्त एरिन नको. संगणकाला सांगता येतं! हवामानाचं मॉडेल म्हणजे हवेचे असंख्य चौकोनी ठोकळे. प्रत्येकात सुरुवातीचा वारा, दाब, तापमान, बाष्प असे आकडे भरायचे, की पुढचं सगळं ते गणिताने काढतं. त्या सुरुवातीच्या आकड्यांतूनच वादळ काढून टाकायचं.

मग काय, वादळाच्या जागी शून्य लिहा! छे. एका ठोकळ्यात सोसाट्याचा वारा आणि शेजारच्यात एकदम शून्य? मॉडेल गडबडतं आणि त्या कडेपासून खोट्या लाटा उसळतात. इथे रफू लागतं, तेही असं की जागा सापडता कामा नये.

युक्ती मात्र झकास आहे. वादळाभोवती वर्तुळ आखायचं आणि आतली हवा कुठे किती गरगरतेय ते मोजायचं. मग उलटा हिशेब: जगात फक्त एवढीच गरगर असती, तर वारा कुठे किती वाहिला असता? गंमत म्हणजे वर्तुळाबाहेर दूरवरही थोडा थोडा वाहिला असता! तेवढा वारा सगळीकडून वजा. खाली आत ओढल्या जाणाऱ्या आणि वर बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेचंही असंच. उरतो तो वादळाला पुढे ढकलणारा मोठा वारा. त्याला हात लावायचा नाही.

शिवाय वादळाचं पोट भोवतालापेक्षा उबदार असतं आणि तिथे दाब कमी असतो. ती जादा ऊब काढायची, दाब सारखा करायचा. नाहीतर वारा तिथेच पुन्हा गरगरू लागेल. जादा बाष्पही काढायचं. एरिनच्या बाबतीत तर खरा संशय बाष्पावरच होता.

आणि मग? एरिनविना मॉडेल चालवलं, तरी उत्तरेत पाऊस पडलाच! थंड आणि उबदार हवा तिथे समोरासमोर आलेली होती. पण पाऊस बराच कमी पडला. जादा पाणी एरिनने पुरवलं होतं.

ही वजाबाकी अंदाजासाठीही वापरतात. जगभराच्या मॉडेलमध्ये वादळ कधी पसरट दिसतं, कधी भलत्याच जागी. प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेत योशियो कुरिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं वादळ उचलून त्या जागी मोजूनमापून बनवलेलं दुसरं बसवायची पद्धत काढली. १९९५ पासून अमेरिकेचं हवामान खातं त्यांचं मॉडेल रोजच्या कामात वापरू लागलं.