मगरिबची वेळ आणि उभी पट्टी

माझी पुतणी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. अकरावी सायन्सला गेली आणि गणिताची धास्ती बसली. 'फंक्शन'च्या चाचणीत सहापैकी चार आलेख चुकले. घरी येऊन म्हणाली, "फुफी, मी गणित सोडते." विषय बदलायचा अर्जही तिने आणला होता.

मी पेपर पाहिला. चुका चार नव्हत्या, एकच चूक चारदा झाली होती. आलेख फंक्शनचा आहे का हे बघताना ती पट्टी आडवी धरत होती.

स्वयंपाकघरात नमाजाच्या वेळांचे कॅलेंडर आहे. तिला विचारले, "सप्टेंबरच्या मध्याला मुंबईत मगरिब किती वाजता?"

"६.४० च्या आसपास."

"त्याच दिवशी सूर्य दुसऱ्यांदा मावळतो का?"

ती हसली. फंक्शन म्हणजे एवढेच! तारीख द्या, सूर्यास्ताची वेळ मिळेल, आणि एकच मिळेल. आता उलट विचारा: सूर्य ६.४० ला कधी मावळतो? सप्टेंबरात, आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धातही. एका वेळेला दोन तारखा, म्हणून वेळेवरून तारीख सांगणारे फंक्शन होत नाही. पण दोन तारखांना एकच वेळ आली तर काही बिघडत नाही. पुतणीची गाडी इथेच अडली होती.

आम्ही आलेख काढला. तारखा आडव्या अक्षावर, वेळा उभ्या. नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या आसपास, जुलैच्या सुरुवातीला ७.२० च्या जवळपास, अशी एक लाट तयार झाली. पट्टी उभी धरून डावीकडून उजवीकडे सरकवली. रेषेला ती प्रत्येक ठिकाणी एकदाच लागली. कुठेही दोनदा लागली असती, तर ते फंक्शन नव्हते. कुठे लागलीच नाही, तर ती संख्या डोमेनमध्ये नाही, इतकेच.

"पण याचे सूत्र कुठे आहे?" तिने विचारले. सूत्र लागतेच असे नाही. जर्मन गणिती डिरिक्ले यांनी १८३७ मध्येच हे मांडले होते.

पायऱ्यांसारख्या आलेखात मात्र डोळे फसतात. एका पायरीच्या टोकाला पोकळ वर्तुळ असते, बरोबर त्याच्याच वर दुसऱ्या पायरीचे भरीव. पट्टी दोन्हींवरून जाते, पण पोकळ बिंदू आलेखात धरायचा नसतो. म्हणून मोजायचा एकच. दोन्ही भरीव असते तर फंक्शन नाही.

मग तिने चुकलेले चारही आलेख पुन्हा तपासले. एक्सचा वर्ग बसला, साइनची लाट बसली, इंग्रजी व्हीसारखा आलेखही बसला. आडवा पडलेला पॅराबोला बाद झाला. वर्तुळ तिने आधीच बाद केले होते, आडव्या पट्टीने का होईना. त्याचा खालचा अर्धा भाग तिने रबराने पुसला, पट्टी उभी धरून पुन्हा फिरवली आणि म्हणाली, "आता हेही फंक्शन!"

अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सध्या तिचे आलेख आहेत.