तंबोऱ्याची आस आणि १६ खटके

शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात गळीत हंगामात उसाचा रस अखंड वाहतो; प्रयोगशाळा मात्र ठरावीक वेळाने नमुना घेऊन त्याचा ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण, मोजते. सीडीवरचं गाणंही नमुन्यांतच साठवलेलं असतं: सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येकाच्या उंचीसाठी ६५,५३६ पायऱ्या. रसाच्या दोन नमुन्यांमध्ये काय घडलं ते अंदाजानं ठरवावं लागतं. ध्वनीत मात्र २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही आत शिरू दिलं नसेल, तर मधली लाट गणितानं परत मिळते. पायऱ्या मोजक्याच असल्यामुळे मागे उरते ती क्षीण खरखर. डिजिटल आवाज तुटक असतो हा समज म्हणूनच चुकीचा.

मग महागडे प्लेअर पैसे कशाचे घेतात? तबकडी वाचण्याचे नव्हेत. ओरखड्यांमुळे गळलेले आकडे सावरण्याचं काम साधं यंत्रही चोख करतं. कस लागतो तो त्या आकड्यांचा विद्युतदाब करताना.

२०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला मिरजेचा तंबोरा घ्या. घोडीवरच्या जवारीत तारेखालचा दोरा नेमका बसला की एका तारेतून कितीतरी उपस्वर उमटतात आणि त्यांची आस हळूहळू विरत जाते. विरताना लाट शून्याच्या अगदी जवळ खेळते. गोची तिथेच आहे! आकड्यांचा विद्युतदाब करणाऱ्या, रोधकांच्या शिडीवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या परिवर्तकात दर बिटाला एक असे १६ खटके असतात आणि शून्य ओलांडताना ते सगळे एकदम पलटतात. सर्वांत मोठा खटका एकटा ३२,७६८ पायऱ्यांचा. त्याच्या रोधकात ०.००३ टक्के फरक पडला तरी एक अख्खी पायरी चुकते. तबल्याच्या दणक्यात ती चूक बुडून जाते, आसेत उघडी पडते.

१९८२मध्ये सोनीच्या पहिल्या सीडी प्लेअरनं १६ बिटांचा एकच परिवर्तक डाव्या-उजव्या बाजूंना आळीपाळीनं वापरला. फिलिप्सनं १४ बिटांचीच चिप घेतली, पण नमुने चौपट वेगानं, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० वेळा पुरवून उणीव भरून काढली. पुढे डेल्टा-सिग्मा पद्धतीनं मोजकेच खटके सेकंदाला लाखो वेळा पलटवायला सुरुवात केली. अचूकतेचा भार रोधकांवरून घड्याळाच्या स्फटिकावर सरकला, कारण ठोका किंचित मागेपुढे झाला तरी लाटेचा आकार बिघडतो. काही उत्पादक आजही निवडून जुळवलेल्या रोधकांच्या शिड्या बनवतात. लाटेच्या वरच्या आणि खालच्या भागाला वेगळी शिडी देऊन शून्यापाशी होणारी उलथापालथ टाळतात.

कारागिरी म्हणून हे सुंदरच. पण आवाजाची पातळी काटेकोर जुळवून, कोणता प्लेअर वाजतोय ते न सांगता ऐकवलं, तर चांगल्या साध्या यंत्रात आणि लाखमोलाच्या यंत्रात फरक सांगणं भल्याभल्यांना जड जातं. स्पीकर बदलला तर मात्र घरात कुणालाही कळतं.