भूमिगत सेवावाहिन्यांचे नकाशांकन : उपग्रहाधारित स्थाननिश्चितीयुक्त शोधयंत्राची निवड

बीजसंज्ञा : भूमिगत सेवावाहिन्या, शोधयंत्र, उपग्रहाधारित स्थाननिश्चिती, आरटीके, नकाशांकन

प्रस्तावना :
शहरातील रस्त्याखाली जलवाहिन्या, मलवाहिन्या, विजेच्या केबल, वायुवाहिन्या आणि दूरसंचाराच्या ऑप्टिकल फायबर केबल एकमेकींना छेदत गेलेल्या असतात. त्यांची नोंद अनेकदा जुन्या आराखड्यांत किंवा केवळ कर्मचाऱ्यांच्या स्मरणात असते. या अज्ञानाची किंमत मोठी असते. बेल्जियममधील गिस्लेंगिएन येथे ३० जुलै २००४ रोजी झालेल्या वायुवाहिनीच्या स्फोटात २४ जण मृत्युमुखी पडले. आधीच्या बांधकामात यंत्राच्या आघाताने त्या वाहिनीची हानी झाली होती. भारतात २२ मार्च २०२३ रोजी केंद्र शासनाने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. त्या वेळी असमन्वित खोदकामामुळे होणारे वार्षिक नुकसान सुमारे ३,००० कोटी रुपये असल्याचे सांगण्यात आले. खोदणारा आणि वाहिनीचा मालक यांच्यात संपर्क घडला, तरी मालकाजवळचा नकाशाच चुकीचा असेल तर अपघात टळत नाही. म्हणून वाहिनी शोधणारे आणि त्याच वेळी तिचे स्थान नोंदवणारे यंत्र नगरपालिका, पाणीपुरवठा विभाग व कंत्राटदार यांना आकर्षक वाटते. असे यंत्र कोणत्या निकषांवर निवडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शोधयंत्राचे कार्य :
विद्युतचुंबकीय शोधयंत्राचे प्रेषक व ग्राही असे दोन भाग असतात. प्रेषक वाहिनीत ठरावीक वारंवारतेचा प्रवाह सोडतो. त्यासाठी ५१२ हर्ट्झ, ८ किलोहर्ट्झ, ३३ किलोहर्ट्झ यांसारख्या वारंवारता वापरल्या जातात. त्या प्रवाहामुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीवरील ग्राही टिपतो. दोन ॲन्टेनांवरील संकेतांच्या तुलनेतून खोली काढली जाते. भारतातील विजेच्या भारित केबलचे ५० हर्ट्झचे क्षेत्र प्रेषकाविनाही टिपता येते.

ही पद्धत केवळ विद्युतवाहक वस्तूंनाच लागू पडते. पीव्हीसी किंवा पॉलिइथिलिनची वाहिनी सोबत मागोवा तार टाकली नसेल तर तिला दिसत नाही. अशा ठिकाणी भूभेदी रडार वापरतात, पण चिकणमातीयुक्त ओल्या काळ्या जमिनीत रडारच्या लहरी लवकर क्षीण होतात. दख्खनच्या पठारावर ही मर्यादा विशेष जाणवते.

स्थाननिश्चितीच्या पातळ्या :
‘अंगभूत उपग्रह स्थाननिश्चिती’ या एकाच शब्दप्रयोगाखाली अतिशय भिन्न क्षमता विकल्या जातात. साधा ग्राही मोकळ्या आकाशाखाली सुमारे ३ ते ५ मीटर अचूकता देतो. भारताच्या ‘गगन’ प्रणालीसारख्या उपग्रहीय दुरुस्तीने ही त्रुटी मीटर-दोन मीटरपर्यंत खाली येऊ शकते. आरटीके पद्धतीत जवळच्या संदर्भ केंद्राकडून क्षणोक्षणी दुरुस्ती मिळते व आडवी अचूकता १ ते ३ सेंटिमीटर होते. रेडिओडिटेक्शनच्या आरडी८१०० मालिकेतील काही प्रकारांत साधा जीपीएस ग्राही आहे, तर व्हिवॅक्स-मेट्रोटेकच्या व्हीलॉक३ आरटीके-प्रो या यंत्रात आरटीके ग्राही आहे. दोन्हींच्या माहितीपत्रकात उपग्रहांचा उल्लेख येत असला तरी नकाशाच्या दृष्टीने ती दोन वेगळी साधने ठरतात.

दोन त्रुटींचा संयोग :
उपग्रह यंत्राचे स्थान सांगतो, वाहिनीचे नव्हे. वाहिनीचे नकाशावरील स्थान शोधाची त्रुटी आणि स्थाननिश्चितीची त्रुटी या दोहोंवर अवलंबून असते. त्या परस्परांपासून स्वतंत्र मानल्यास त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ही एकूण त्रुटी होय. १.५ मीटर खोलीवरील वाहिनीच्या शोधात ५ टक्के, म्हणजे ७.५ सेंटिमीटर त्रुटी आहे असे समजू. स्थाननिश्चितीची त्रुटी २ मीटर असल्यास एकूण त्रुटी सुमारे २ मीटरच राहते, म्हणजे कुशल शोध वाया जातो. आरटीकेची २ सेंटिमीटर त्रुटी धरल्यास एकूण त्रुटी सुमारे ७.८ सेंटिमीटर येते.

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. समांतर वाहिन्यांमुळे चुंबकीय क्षेत्र विकृत झाले तर यंत्र वाहिनी बाजूला सरकलेली दाखवते. महत्तम व शून्य संकेतांची स्थाने जुळली नाहीत की ही विकृती ओळखता येते. चालकाने तिकडे दुर्लक्ष केल्यास आरटीके तीच चूक सेंटिमीटरच्या नेमकेपणाने नकाशावर नोंदवते, आणि त्या नेमकेपणामुळे ती अधिक विश्वासार्ह भासते. यंत्र तिरपे धरल्यानेही दोष येतो. ॲन्टेना जमिनीपासून १ मीटर उंच असून यंत्र ५ अंशांनी कलले, तर नोंद सुमारे ९ सेंटिमीटर सरकते.

खोली आणि उंची :
यंत्र दाखवते ती खोली सामान्यतः वाहिनीच्या मध्यापर्यंतची असते. ६०० मिलिमीटर व्यासाच्या जलवाहिनीचा माथा त्याहून ३० सेंटिमीटर वर असतो, आणि खोदयंत्राचा दात प्रथम माथ्यालाच लागतो. शिवाय खोली त्या दिवशीच्या रस्त्यापासून मोजलेली असते. डांबराचे नवे थर चढल्यावर ती बदलते, म्हणून खोलीबरोबर पृष्ठभागाची उंचीही नोंदवणे आवश्यक ठरते. मात्र उपग्रहावरून मिळणारी मूळ उंची गणिती लंबगोलापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. महाराष्ट्रात या दोहोंत कित्येक दशमान मीटरांचा फरक पडतो. तसेच ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेस यूटीएमचा विभाग ४३ आणि पूर्वेस विभाग ४४ येतो. त्यामुळे पुणे व नागपूर यांच्या नोंदी एकत्र करताना विभागाचा उल्लेख अनिवार्य आहे.

निवडीचे निकष :
१. प्रथम शोधक्षमता पाहावी : आपल्या क्षेत्रातील वाहिन्यांच्या साहित्यास योग्य वारंवारता, पुरेसा शक्तिशाली प्रेषक व क्षेत्रविकृतीची सूचना यंत्रात असावी.
२. अपेक्षित अचूकता आधी ठरवावी : ब्रिटनच्या पास १२८ या २०१४ च्या विनिर्देशात बी१ दर्जासाठी आडवी मर्यादा १५० मिलिमीटर किंवा खोलीच्या १५ टक्के, यांपैकी जी अधिक ती आहे. मीटरभर चुकणारा ग्राही या कसोटीस उतरत नाही. झाकण पुन्हा शोधणे किंवा यंत्र कोठे वापरले याची पडताळणी करणे, एवढाच त्याचा उपयोग.
३. दुरुस्तीचा स्रोत तपासावा : भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संदर्भ केंद्रांची सेवा कार्यक्षेत्रात मिळते का आणि मोबाइल जाळे टिकते का, हे प्रत्यक्ष पाहावे.
४. नोंदीचा तपशील पाहावा : सहनिर्देशकांसोबत खोली, वारंवारता, संकेताची तीव्रता, वेळ व आरटीकेची स्थिती जतन व्हावी आणि ती खुल्या स्वरूपात बाहेर काढता यावी.
५. परिसराचा विचार करावा : उंच इमारतींच्या अरुंद गल्ल्यांत उपग्रह झाकले जातात व परावर्तित संकेतांनी चूक वाढते. तेथे वाहिनीची रेषा रंगाने आखून नियंत्रण बिंदूंवरून टोटल स्टेशनने मोजणे अधिक विश्वसनीय ठरते.

खरेदीपूर्वी ज्ञात वाहिनीवर चाचणी घ्यावी. काही ठिकाणी हाताने चाचणी खड्डे खणून यंत्राची नोंद व प्रत्यक्ष स्थान यांची तुलना केल्यास माहितीपत्रकापेक्षा अधिक बोध होतो.

निष्कर्ष :
लांब, मोकळे रस्ते आणि मोठ्या संख्येने बिंदू असलेल्या कामांसाठी आरटीकेयुक्त एकत्रित यंत्र वेळ वाचवते आणि हाताने नोंद करतानाच्या चुका टाळते. दाट वस्तीत उत्तम शोधयंत्र आणि स्वतंत्र मोजणी ही जोडी अधिक सुरक्षित आहे. साध्या जीपीएसयुक्त यंत्राच्या नोंदींवरून खोदकामाचा नकाशा तयार करू नये. प्रत्येक नोंदीसोबत तिची संभाव्य त्रुटीही लिहिली गेली, तरच पुढे त्याच जागी खोदणाऱ्या कामगाराला त्या नकाशावर कितपत विसंबावे हे कळेल.