मौन पाळणारी मादीच वटवाघळाच्या तोंडी

रात्रीच्या अरण्यात आवाज करणारा कीटक शत्रूच्या तावडीत सापडतो आणि मौन पाळणारा वाचतो, असा सर्वसाधारण समज आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. रोहिणी बालकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या समजाला धक्का दिला. लांब मिशांच्या नाकतोड्यांमध्ये मादीला पाहून नव्हे, तर मादीला ऐकवण्यासाठी नर रात्रभर साद घालतो. मादी मुकी असते. तरीही वटवाघळांच्या भक्ष्यस्थानी अधिक पडते ती मादीच, असे या अभ्यासात आढळून आले.

वटवाघूळ आंधळे असते ही समजूत खरी नाही, त्याला दिसते. मात्र अंधारात कीटकभक्षी वटवाघळांची भिस्त कानांवर असते. उडताना ते माणसाला ऐकू न येणारे उच्च कंप्रतेचे ध्वनी सोडते आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून समोरच्या वस्तूचे अंतर व दिशा ताडते. सुमारे पावणेदोन मीटरवरील कीटकावर आदळून ध्वनी परत येण्यास सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. भक्ष्य जवळ येताच हे ध्वनी इतक्या वेगाने सोडले जातात की त्यांची जणू गुणगुण होते. हार्वर्ड विद्यापीठात डोनाल्ड ग्रिफिन आणि जॉर्ज पियर्स यांनी १९३८ मध्ये उपकरणाच्या साहाय्याने हे ध्वनी प्रथम टिपले.

मोकळ्या आकाशात ही पद्धत बिनचूक ठरते. दाट झाडोऱ्यात मात्र प्रत्येक पान स्वतःचा प्रतिध्वनी परत पाठवते आणि त्या गर्दीत पानावर निश्चल बसलेला कीटक हरवून जातो. पश्चिम घाटात आढळणाऱ्या 'मेगॅडर्मा स्पाज्मा' या मोठ्या कानांच्या वटवाघळाने यावर वेगळा तोडगा काढला आहे. त्याची स्वतःची साद अत्यंत क्षीण, कुजबुजीसारखी असते; भक्ष्याने केलेले आवाजही ते कान देऊन ऐकते.

हे वटवाघूळ पकडलेला कीटक आपल्या विश्रांतिस्थानी नेऊन खाते आणि पंखांसारखे निरुपयोगी भाग खाली टाकते. या उष्ट्यावरून त्याच्या आहाराचा जणू हिशेबच मांडता येतो. नराच्या पुढील पंखांवर आवाज काढण्याची रचना असते, मादीच्या पंखांवर तशी नसते. संशोधकांनी तपासलेल्या अवशेषांत माद्यांची संख्या नरांपेक्षा कितीतरी अधिक निघाली.

मग वटवाघळे नराची साद ऐकतच नाहीत की काय? ध्वनिमुद्रित साद ऐकवली असता ती तिच्याकडे आकृष्ट झाली. परंतु बांधून ठेवलेला, पंख फडफडवणारा नाकतोडा समोर असताना त्यांनी त्याच्याकडे कितीतरी अधिक वेळा झेप घेतली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी समोर ठेवल्या तेव्हाही निकाल बदलला नाही.

फडफडणारा नाकतोडा नर असो वा मादी, वटवाघळांना फरक पडला नाही. म्हणजे धोका मादीपणात नसून उड्डाणात आहे. साद घालणारा नर एका जागी बसून राहतो. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी अंधारातून उडत जावे लागते ते मादीला.