धोट्याचा आवाज आणि ओठांची भाषा

इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायर परगण्यात एके काळी एक भाषा बोलली जात असे आणि तिला आवाज नव्हता. विणाईच्या खात्यात शेकडो माग एकाच वेळी चालत असताना शेजारच्या बाईने कानाशी येऊन ओरडले तरी शब्द ऐकू येत नसे. तेव्हा विणकर बायका ओठांची ठळक हालचाल करून, हातवारे आणि चेहऱ्याचे भाव यांच्या आधाराने दूरवरच्या मैत्रिणीशी बोलत. या बोलण्याला तिकडे ‘मी-मॉइंग’ म्हणत. घरची दुखणी, शेजारच्या मुलीचे जमलेले लग्न, मुकादमाच्या नकला, सारे काही या मूक भाषेतून चाले. आणि मुकादमाला ती कळत असली तरी त्याची पाठ फिरण्यास वेळ तो कितीसा लागणार! जन्मभर मागावर राहिलेल्या स्त्रियांना म्हातारपणी ऐकू येईनासे होई. पण रस्त्याच्या पलीकडे दोघीजणी काय बोलत आहेत ते त्यांना नुसते पाहून समजे. गिरण्या बंद पडल्या, आणि ही भाषा बोलणारी पिढीही आता जवळजवळ सरली आहे.

औद्योगिक वारसा हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर धुरांडी, वाफेची इंजिने आणि लाल विटांच्या पाच मजली इमारती येतात. त्या जतन करता येतात. त्यांना रंग देता येतो, त्यांच्यावर फलक लावता येतो. ओठांची ती भाषा मात्र कोणत्या कपाटात ठेवावी, हा प्रश्न उत्तर इंग्लंडला गेली चाळीस-पन्नास वर्षे पडलेला आहे, आणि तो मराठी माणसालाही परका नाही.

लँकेशायरचा पसारा किती मोठा होता याची कल्पना आज सहज येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर, १९१३ साली, तेथून सुमारे सात अब्ज वार कापड परदेशी रवाना झाले. त्यातले तीन अब्ज वारांच्या आसपास एकट्या हिंदुस्थानात उतरले. सहा लाखांवर माणसे या धंद्यावर जगत होती. ओल्डहॅम व बोल्टन येथे सूत निघे. बर्नली, ब्लॅकबर्न, नेल्सन येथे कापड विणले जाई. मँचेस्टरमध्ये त्याचे सौदे होत. या साम्राज्याच्या तळाशी पहाटेच्या अंधारात उठणारे एक गाव असे. घड्याळ परवडत नसल्याने लांब काठीच्या टोकाला तारा बांधून वरच्या मजल्याच्या खिडकीवर टकटक करणारा माणूस आठवड्याला काही पेन्यांच्या बोलीवर लोकांना जागे करी. पाठोपाठ लाकडी तळव्यांचे, खाली लोखंडी पट्टी ठोकलेले जोडे फरसबंद रस्त्यावर वाजू लागत. त्या काळच्या आठवणी सांगणारा जवळजवळ प्रत्येकजण या जोड्यांच्या आवाजापासून सुरुवात करतो.

मुलांची कथा निराळी आहे. शाळा सक्तीची झाल्यावरही लँकेशायरमध्ये ‘अर्धवेळ’ पद्धत दीर्घकाळ टिकून राहिली. मूल सकाळी गिरणीत राबे आणि दुपारी वर्गात बसे; दुसऱ्या आठवड्यात याच्या उलट. दुपारच्या वर्गात ही मुले बाकावर डोके ठेवून झोपत आणि पुष्कळसे शिक्षक त्यांना उठवीत नसत. पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत अग्रभागी आलेली ॲनी केनी ही ओल्डहॅमजवळच्या अशाच एका घरातली. दहाव्या वर्षी ती अर्धवेळ कामाला लागली आणि यंत्रात सापडून तिचे एक बोट तुटले. या पद्धतीच्या बाजूने केवळ मालकच होते असे मानणे चुकीचे ठरेल. पोराच्या चार पैशांवर चूल अवलंबून असलेले आईबाप आणि खुद्द कामगार संघटनांतील पुष्कळ सभासद तिच्या बंदीला विरोध करीत होते. अखेर १९१८ च्या शिक्षण कायद्याने ती मोडीत निघाली.

गिरणीच्या आत गेल्यावर तर वारसा या शब्दाचा सोज्वळपणा उरत नाही. सूतखात्यात तेलाने निसरड्या झालेल्या जमिनीवर माणसे अनवाणी वावरत. यंत्राचा लांबलचक गाडा मागेपुढे सरके, त्याच्याबरोबर सूत काढणाराही चाले, आणि तुटलेले धागे सांधणारी पोरे त्याच्या पुढ्यात वाकून धावत. चात्यांना घातलेले खनिज तेल अंगावर उडून कपड्यांत मुरे. त्यातून या कामगारांना जननेंद्रियाच्या त्वचेचा कर्करोग होतो, ही गोष्ट मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९२२ च्या सुमारास उजेडात आणली; तरी ते तेल कायद्याने बंद होण्यास १९५३ साल उजाडावे लागले. कापूस पिंजण्याच्या खात्यातील धुळीने छाती भरे. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर येताच ती विशेष आवळून येत असल्यामुळे तिकडे त्या दुखण्याला सोमवारचेच नाव पडले होते. विणाईच्या खात्यात धोट्याच्या छिद्रातून धागा ओढून घेण्यासाठी विणकर ते छिद्र तोंडाला लावून श्वास आत ओढी. याला म्हणत ‘धोट्याचे चुंबन’. एकच धोटा अनेकींच्या ओठांना लागे आणि धाग्याबरोबर धूळ व तेल पोटात जाई. एवढ्या घाणेरड्या कामाला इतके नाजूक नाव देणारी माणसे विनोदाखेरीज जगूच शकत नव्हती.

असे असूनही ज्यांनी हे सोसले तीच माणसे उतारवयात ‘ते दिवस चांगले होते’ असे का सांगतात? इतिहासकार एलिझाबेथ रॉबर्ट्स यांनी बॅरो, लँकेस्टर आणि प्रेस्टन या तीन गावांतील कष्टकरी स्त्रियांच्या मुलाखती घेऊन १९८४ साली ‘अ वूमन्स प्लेस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील स्त्रिया स्वतःकडे केवळ पिचलेल्या म्हणून पाहत नाहीत. घरखर्चाची सूत्रे हाती ठेवणाऱ्या, पगाराचे पाकीट नवऱ्याकडून जसेच्या तसे मागून घेणाऱ्या बायका तेथे भेटतात. विणाईच्या धंद्यात १८९२ च्या एकसमान दरपत्रकानुसार स्त्री आणि पुरुष यांना नगावर सारखाच दर मिळे. इंग्लंडमधील अन्य धंद्यांत तेव्हा ही गोष्ट दुर्मीळ होती. चार माग सांभाळणाऱ्या बाईला आपल्या कौशल्याचा अभिमान वाटावा यात नवल नाही. विणकर संघटनांत बहुसंख्य सभासद स्त्रिया आणि खुर्च्यांवर बसणारे बहुधा पुरुष, हा प्रकार मात्र तेथेही होताच.

वर्षातून एकदा अवघे गाव सुट्टीवर जाई. प्रत्येक गावाचा आठवडा निराळा. त्या आठवड्यात गिरण्यांच्या भट्ट्या विझत, धुरांडी थंड होत, आणि वर्षभर मंडळात साठवलेले पैसे घेऊन शेजारीपाजाऱ्यांसह सारे ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी उतरत. गावावरचे आकाश स्वच्छ दिसे ते तेवढ्याच दिवसांत. गतकाळाच्या या ओढीला खोटी भावुकता म्हणून हिणवण्याचा विद्वानांचा एक प्रघात आहे. तो अन्यायाचा वाटतो. म्हातारी माणसे तेलाची, धुळीची आणि बहिरेपणाची आठवण विसरलेली नसतात; मुलाखत घेणाऱ्याने सुट्टीविषयी विचारले तर ती सुट्टीविषयी सांगतात, इतकेच.

या कापडाच्या दुसऱ्या टोकाला आपण होतो. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला. गिरण्या थांबल्या, लोक मदतीच्या भाकरीवर आले. इकडून जाणारा आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला ‘सुरती’ कापूस विणकरांच्या इतका जिवावर आला की भेसळीच्या मालालाच ‘सुरत’ म्हणू लागले. त्याच वेळी मुंबईत कापसाच्या भावाने सोने झाले, कंपन्यांचे पेव फुटले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ते सारे कोसळले. एका गावाची उपासमार हीच दुसऱ्या गावाची दिवाळी ठरली होती. उपाशीपोटी असतानाही १८६२ च्या अखेरीस मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला आणि लिंकनने त्यांना आभाराचे उत्तर धाडले. त्या परगण्यातील सगळ्याच गावांचे मत असे होते असे नव्हे; दक्षिणेची नाकेबंदी मोडावी म्हणणारेही होते. स्मारके उभी राहतात ती मात्र पहिल्यांचीच.

पुढे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांतून चालू लागली. यंत्रे विकणारा लँकेशायर आणि कापड विकणारा लँकेशायर यांचे हितसंबंध परस्परविरोधी होते. कापडवाल्यांच्या दबावाखाली १८९६ साली हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसली; ती १९२६ पर्यंत उठली नाही. मुंबईच्या गिरण्यांतील कामाचे तास कायद्याने मर्यादित करावेत, असा आग्रहही तिकडच्या मालकांनी धरला. त्यात दयेपेक्षा स्पर्धेची धास्ती अधिक होती. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुट्टीची मागणी पुढे आणली ती मात्र कामगारांची स्वतःची होती. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी डार्वेन येथे गिरणी कामगारांच्या वस्तीत राहिले. बहिष्काराने ज्यांचे माग थांबले होते त्या बायकांनी त्यांच्याभोवती गर्दी करून जयजयकार केल्याचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. ते पाहून विस्मय वाटतो. पण या बायकांना बेकारी म्हणजे काय ते ठाऊक होते, आणि समोरचा माणूस त्याहून मोठ्या बेकारीविषयी बोलत होता.

उतरण त्याआधीच लागली होती. हिंदी आणि जपानी गिरण्यांपुढे लँकेशायरचा माल टिकेना. एका विणकराकडे अधिक माग देण्याच्या मालकांच्या हट्टापायी बर्नलीत १९३१-३२ साली मोठे झगडे झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर थोडी धुगधुगी आली, ती सरली, आणि १९५८ साली अशी वेळ आली की सुती कापड निर्यात करण्यापेक्षा ब्रिटन ते अधिक आयात करू लागले. पुढच्याच वर्षी सरकारने जुनी यंत्रे मोडीत काढणाऱ्यांना पैसे देण्याचा कायदा केला. ज्या गिरण्या उरल्या त्यांनी महागडी नवी यंत्रे आणली, आणि ती चोवीस तास चालवल्याखेरीज परवडत नव्हती. स्त्रियांना रात्रपाळी कायद्याने वर्ज्य होती. गोऱ्या पुरुषांना ती नको होती. तेव्हा ब्लॅकबर्न, बोल्टन, ओल्डहॅम येथे आणि डोंगरापलीकडे यॉर्कशायरातील ब्रॅडफर्डच्या लोकरी गिरण्यांत रात्रीच्या मागांवर मीरपूरचे, गुजरातचे, सिल्हेटचे लोक उभे राहिले. त्यांतले काही मायदेशी शिकलेसवरलेले होते, पण तिकडे त्यांच्या पदवीला कोणी विचारीत नव्हते. लँकेशायरच्या गिरणीचा शेवटचा अध्याय या माणसांनी रात्री जागून लिहिला. वारशाच्या पुस्तकांत मात्र त्यांच्या वाट्याला बहुधा एखादे पान येते. लाकडी जोड्यांची गोष्ट नातवंडांपर्यंत पोहोचली. रात्रपाळीची गोष्ट त्यांच्याच नातवंडांना पुष्कळदा ठाऊक नसते, कारण बाप सकाळी घरी येऊन झोपत असे.

बर्नलीजवळची क्वीन स्ट्रीट मिल हे या साऱ्या जतनाचे एक बोलके उदाहरण आहे. गावातील कामकऱ्यांनी भाग घेऊन १८९० च्या दशकात ती उभारली. तिच्या वाफेच्या इंजिनाचे पहिल्या महायुद्धानंतर ‘पीस’, म्हणजे शांतता, असे नामकरण झाले. ती १९८२ साली बंद पडली. याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालील संप सुरू झाला होता. क्वीन स्ट्रीटचे चार वर्षांत संग्रहालय झाले. वाफेवर चालणारे माग पाहायला लोक येऊ लागले. पण २०१६ साली काटकसरीच्या नावाखाली परगण्याच्या कौन्सिलने ते बंद केले, आणि नंतर उघडले तेही मर्यादित दिवसांपुरते. क्लिदरो येथील ध्वनिसंग्रह, ज्यात या परगण्याच्या बोलींतील आवाज साठवले होते, तो २०१५ साली बंद होऊन त्यातील फिती इतर अभिलेखागारांत गेल्या. यंत्र एकदा विकत घेतले की झाले. ते समजावून सांगणाऱ्या माणसाला दरमहा पगार द्यावा लागतो, आणि कात्री लागते ती तेथेच. यॉर्कशायरात वेकफील्डजवळच्या कोळसा खाण संग्रहालयाने ही गोष्ट ओळखली. तेथे पाहुण्यांना १४० मीटर खोल नेणारे वाटाडे पूर्वीचे खाणकामगार ठेवण्याची रीत पडली. ब्रिटनमधील शेवटची खोल खाण २०१५ च्या डिसेंबरात बंद झाल्यामुळे असे नवे वाटाडे आता मिळणार नाहीत, हे उघडच आहे.

गिरणगावात संग्रहालयाआधी बाजारसंकुले आली. फिनिक्स मिलच्या जागी दुकानांची रांग आहे. साळखाते, त्रासनखाते हे शब्द परळ-लालबागच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरले आहेत. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी शंभर आवाज गोळा करून गिरणगावाचा इतिहास २००४ साली ग्रंथरूपाने आणला, तो मराठीतही आला. संपाच्या वेळी विशीत असलेला बदली कामगार आज साठी ओलांडून गेला आहे. कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या गावी परतलेल्या अशा माणसाच्या घरातला मुलगा वा मुलगी शाळेत शिकवीत असेल, कचेरीत काम करीत असेल. वडिलांचे खाते कोणते होते आणि धोट्यातला धागा ते कसा ओढत, हे त्यांना अजून विचारता येते.